बाबांच्या वहीतलं ऑइल

गाडी १९९८ ची. मारुती ८००, पांढरी, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि पहिल्याच महिन्यात सायबर चौकात वळताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. हा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागतो तोवर उशीर व्हायला लागलेला असतो. तिथंच कडेला घेऊन इंजिन बंद केलं, ऑइलची पातळी मोजायची कांडी ओढून बघितली, तर टोकाला जेमतेम ओल. ऑइल भरलं आणि ६०० किलोमीटरमध्ये पातळी पुन्हा खालच्या खुणेवर.

जवळच्या एका गॅरेजात दाखवली. बॉनेट उघडून मिनिटभर आत बघितलं असेल, लगेच निकाल आला. "मॅडम, रिंगा गेल्यात. इंजिनकाम करून घ्या." अंदाज अठरा हजारांचा, तोही एक प्लग न काढता. मला ते पटलं नाही. ऑइल कमी होतं म्हणजे एकतर बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. आणि जळत असलं तरी पिस्टनच्या रिंगांवाटे खालून चढतंय की वॉल्व्हच्या दांड्यांवरून वरून उतरतंय, यावर सगळा खर्च ठरतो. कुणी म्हणालं, जाड ऑइल घाल, थांबेल. थांबत नाही, थोडे दिवस लपतं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची दोनशे पानी वही होती. नोकरी पाटबंधारे खात्यात, त्यामुळं पातळी लिहून ठेवणं त्यांच्या अंगातच होतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. कांडीवरच्या दोन खुणाही ते तशाच मानायचे, फक्त इथं धोका खालच्या बाजूला. प्रत्येक पानावर किलोमीटर, तारीख, किती ऑइल घातलं. आधी दोन हजार किलोमीटरला पाव लिटर, पुढं हजाराला पाव, मग हजाराला अर्धा. आणि एका ठिकाणी पेन्सिलीनं: "सकाळी चालू करताना निळा धूर. शाहूपुरीपर्यंत जातो. नंतर नाही."

ती ओळ मी चारदा वाचली. रिंगा गेल्या असत्या, तर इंजिनवर लोड आला की धूर निघाला असता, आणि दिवसभर निघाला असता. रात्रभर उभ्या गाडीत वॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरी सीलमधून ऑइल झिरपत खाली उतरतं आणि सकाळी चालू केल्याबरोबर जळतं. बाबांनी अर्धं निदान लिहून ठेवलं होतं.

तरी खात्री हवी होती. आधी गळती. इंजिन ब्रशनं डिझेल लावून धुतलं, वाळल्यावर सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर मारली आणि रात्री खाली पुठ्ठा टाकला. सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढे दोन डाग, नेमके इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. इथंच माणूस फसतो. डाग तिथं दिसला की क्रँकचं मागचं सील गेलं म्हणतात आणि गिअरबॉक्स उतरवतात. मी टॉर्च घेऊन पावडरवरचा ओघळ खालून वर शोधत गेले. तो टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघाला होता. वरून यायचा, मागच्या बाजूनं उतरायचा आणि खाली जाऊन थेंब व्हायचा.

मग पन्हाळा. भाचा मागून मोटरसायकलवर, त्याला एकच काम, सायलेन्सरकडं बघायचं. चढताना धूर नाही. उतरताना मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी सोडली आणि वाघबीळच्या अलीकडं पुन्हा दाबला. खाली थांबल्यावर तो म्हणाला, "आत्या, उतारभर काय नाही, पण तू रेस दिल्याबरोबर भसकन निळा ढग आला." उतारावर थ्रॉटल बंद असतं, इंजिन आतून जोरात ओढ घेतं, आणि ती ओढ सैल सीलमधून ऑइल खेचते. पुन्हा रेस दिली की ते जळतं.

एवढं घेऊन उद्यमनगरात मामांकडं गेले. ऑइल इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री. त्यांनी तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं: १५५, १५०, १५२ पीएसआय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा. रिंगा गेल्या असत्या तर आकडा एकदम वर गेला असता. पाच-सहानंच वाढला. "रिंगा चांगल्या हायत की ताई," मामा म्हणाले, "कशाला इंजिन फोडायचं?"

हेडसुद्धा उतरवलं नाही. रॉकर शाफ्ट सोडवला, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी सिलिंडरमध्ये भरली आणि क्रँक हातानं फिरवून पिस्टन वर आणला. दोरी वॉल्व्हला खालून टेकू देते, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर तो आत पडत नाही. पहिलं सील मामांनी माझ्या तळहातावर ठेवलं. रबर म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. नखानं दाबलं तर बांगडीसारखं कट्कन तुटलं. आतली कड, जी दांडीला घट्ट धरून बसायची, ती झिजून गुळगुळीत झाली होती. अशी सहा.

इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप काढला तर आत काळा चिकट लगदा. वाफेला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून दाब टॅपेट कव्हरच्या पॅकिंगवर येत होता. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तेही लवकरच गळलं असतं. पाइप पेट्रोलनं धुतला, पॅकिंग नवं टाकलं, टॅपेट सेट केले. सगळं मिळून २,४०० रुपये.

त्याला आता १,१०० किलोमीटर झाले. रविवारी सकाळी, गार इंजिनवर, अंगणातल्या त्याच सपाट फरशीवर कांडी बघते. पातळी अर्धं सूत उतरली आहे. ऑइलच्या दिव्याच्या प्रेशर स्विचच्या बुडाशी थोडी ओल दिसते, तिथं पुन्हा पावडर मारून ठेवली आहे. वहीत बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून मी लिहायला सुरुवात केली.