सुभेदारांचा उपास

आमचे सुभेदार म्हणजे बेटा जातीचा निळा-तांबडा मासा. दुकानात त्याला फायटर म्हणतात. होळकरांच्या इंदुरात लढवय्या मासा आल्यावर दुसरं नाव काय ठेवणार? नाव मुलाने ठेवलं, आणि बघता बघता घरात सगळे त्यांना अहो-जाहो करायला लागले.

डिसेंबरात एके दिवशी सुभेदारांनी खाणं सोडलं. एरवी डब्याचं झाकण वाजलं तरी काचेवर धडकणारे, ते पर मिटून तळाशी बसलेले. मधेच कसेबसे वर येऊन हवेचा घोट घ्यायचे आणि पुन्हा खाली. वर येण्याचं काही नाही, बेटाला कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेणारा वेगळा अवयव असतो. पण तेवढं यायलाही त्यांना कष्ट पडत होते.

आमच्या घरात कुणी जेवलं नाही तर उपाय एकच, आणखी वाढायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उपाशी कसं राहील ते? बारीक करून घाल." घातलं. सकाळी नेहमीचे दाणे, दुपारी दुसऱ्या कंपनीचे, संध्याकाळी भिजवून. तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं आणि वास यायला लागला. न खाल्लेले दाणे तळाशी कुजत होते, म्हणजे पाण्यात अमोनिया, माशाला विषच.

मग मी दुसरा पराक्रम केला. नळाला नर्मदा आली होती, ती थेट बरणीत सोडून सगळं पाणी एकदम बदललं. जलूदच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन, क्लोरीन पडून येणारं ते पाणी आपल्याला चांगलं, माशाच्या कल्ल्यांना नाही. शिवाय गार. सुभेदार आणखीच मलूल झाले.

दुकानदाराने फोटो न बघताच निळी बाटली पुढे केली. "मैडम, ठंड में होता है। ये डाल दो, दो दिन में दौड़ेगा।" थंडी हा शब्द त्याच्याच तोंडून आला, पण ना त्याने थर्मामीटर दाखवला, ना मला मागायचं सुचलं. बाटली घेऊन घरी आले. मुलाने विचारलं, "कुठल्या आजारावर आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आधी नीट बघितलं. वरून टॉर्च मारला. जलोदर झालेल्या माशाचे खवले उभे राहतात, अंग कणसासारखं दिसतं. सुभेदारांचे खवले सपाट होते. अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके नव्हते. पोट जरा फुगलेलं, एवढंच. बाटली उघडली नाही. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनी आपण मासे बघत नाही असं सरळ सांगितलं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण पहाटेच्या वाऱ्यात डब्यातून वीसेक किलोमीटर नेणं म्हणजे रोग्याला आपणच पोचवणं.

अखेर साठ रुपयांचा काचेचा थर्मामीटर आणला. सकाळी सातला पारा 19 वर! थायलंडच्या कोमट, उथळ पाण्यातला हा जीव, त्याला 24 ते 28 अंश लागतात. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं आणि पचन त्याबरोबर मंदावतं. ते हट्ट करत नव्हते, त्यांना पचवताच येत नव्हतं. आणि मी वाढत होते.

तीन लिटरची बरणी रद्द केली. 20 लिटरची टाकी, 50 वॅटचा हीटर, स्पंजचा फिल्टर. हीटर एकदम 26 वर ठेवला नाही, रोज दोन अंशांच्या वर चढू दिलं नाही. टाकी नवी, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू अजून तयार नाहीत, म्हणून रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं. ते आदल्या दिवशी बादलीत भरून, अँटी-क्लोरीनचे थेंब घालून, टाकीइतकंच कोमट करून. गल्लीतल्या देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन सोडलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं. पानाने किती गुण आला ते जाऊ दे, सुभेदार मात्र त्याच्या सावलीत जाऊन बसले.

आणि तीन दिवस खायला काहीच नाही. हे सासूबाईंना सगळ्यात जड गेलं. डबा हातात घेऊन टाकीशी उभ्या राहायच्या. बेटाचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच धरतात, असा मासा आठवडाभर सहज काढतो, हे त्यांना पटेना. "डोळ्याएवढं तर डोळ्याएवढं, रिकामं कशाला ठेवायचं?"

चौथ्या दिवशी 26 अंशांवर पर उघडले. कुणी सोललेला वाटाणा सुचवला होता, पण हा किडे खाणारा प्राणी, त्याला उसळ कशाला? डासांच्या अळ्या हव्या होत्या. आता स्वच्छतेत 2017 पासून सलग कित्येक वर्षं पहिल्या आलेल्या शहरात अळ्या मागायच्या कुणाकडे? शेजारच्या वहिनींच्या बाल्कनीतल्या उन्हाळी कूलरमध्ये पाणी तसंच होतं. चहाच्या जुन्या गाळणीने पाच-सहा गाळल्या, धुतल्या, ड्रॉपरने एक सोडली. सुभेदारांनी डोळा फिरवला. घेतली, थुंकली. पुन्हा घेतली, थुंकली. तिसऱ्यांदा तोंड मिटलं आणि कल्ले हलत राहिले. सासूबाई कुजबुजल्या, "गिळलं बाई."

दुसऱ्या दिवशी गाळणी घेऊन गेले तर वहिनींनी, मी तक्रार करेन या धास्तीने, कूलर घासून पालथा घातलेला. नाइलाजाने दाणे टाकले, दोनच. पहिला थुंकला. दुसरा ठेवला.