पुडीतला वाटा

पूर ओसरून दोन दिवस झाले होते. तलाठी म्हणून माझ्याकडे तीन गावं. सोबत ग्रामसेवक आणि कृषी सहायक, कारण संयुक्त पंचनाम्याला तिघांच्या सह्या लागतात. नदीकाठचं सोयाबीन काळं पडलेलं, शेंगांना मोड फुटलेले. तिथं ‘३३ टक्क्यांहून अधिक नुकसान’ लिहायला विचार करावा लागत नव्हता. पंचाईत व्हायची ती वरच्या अंगाला, जिथं बरंचसं पीक उभं दिसायचं. तीस की पस्तीस, हे आमच्या नजरेवर. आणि तेवढ्या फरकानं माणूस मदतीच्या यादीबाहेर जातो. अशा शेतात मी हटकून जास्त वेळ रेंगाळतो.

शेवटच्या शेतात एक म्हातारे काका बांधावर बसले होते. बांध कसला, उरलेला तुकडा. नदीनं पात्र सरकवून त्यांच्या ९० आरांपैकी (शंभर आर म्हणजे एक हेक्टर) ३० आर नेले होते. माती जाऊन नुसते गोटे. मी हिशेब सांगितला: अल्पभूधारकाच्या वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये, म्हणून १४,१००, उरलेल्या कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० प्रमाणे ५,१००. सांगताना माझाच आवाज खाली गेला. एवढ्यात गेलेली जमीन उभी राहत नाही, हे मला कळत नाही असं थोडंच आहे!

पण काकांचं दुखणं वेगळंच होतं. सही करेनात.

“भाऊसाहेब, आजवर कुणापुढं हात पसरला नाही. हे दान कुणाचं, तेवढं सांगा.”

मी पाठ झालेलं म्हणून दाखवलं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, त्यात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. ईशान्येकडच्या नि हिमालयातल्या राज्यांना केंद्र ९० देतं. तो पुरला नाही तर राष्ट्रीय निधी. काका ऐकत होते, तळहातावर तंबाखू मळत होते.

“केंद्र म्हणजे कोण पण?”

त्यांच्या तळहाताकडं बघता बघता मला आठवलं. २००१ साली, भूजच्या भूकंपापाठोपाठ आलेल्या अर्थसंकल्पात, आपत्तीसाठी म्हणून एक वेगळं शुल्क बसवलं गेलं. बिडी, सिगारेट, खायची तंबाखू यांवरचं ते शुल्क राष्ट्रीय निधीसाठी असतं.

“काका, ही पुडी किती वर्षं खाताय?”

“चाळीसेक झाली असतील.”

“मग वीस-बावीस वर्षं तुम्हीच भरताय. कुठं पूर आला, कुठं डोंगर खचला, तिथं तुमचेही पैसे गेलेत. आता तुमच्यावर वेळ आलीय, एवढंच.”

काकांनी तंबाखूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कागद ओढून घेतला. सही मोठी, वळणदार, जागा सोडून बाहेर गेलेली.

मागं उभ्या काकू मात्र भडकल्या. “चाळीस वर्षं मी त्या पुडीपायी भांडतेय. आता तुम्ही सरकारी कारण दिलंत ह्यांना!”