आमची वाटचाल : न चालणारी वाटी

कृत्रिम खुब्याच्या सांध्याची झीज मोजायची, तर सिम्युलेटरवर (चालताना सांधा हलतो तसा तो हलवणाऱ्या यंत्रावर) सेकंदाला एक या गतीने ५० लाख आवर्तने करावी लागतात, म्हणजे थांबे धरले नाहीत तरी ५८ दिवस. आणि भोसरीत गुरुवारी वीज नसते, म्हणून आमच्या चाचणी प्रयोगशाळेसाठी आम्ही सिम्युलेटरच्या आधी जनरेटर घेतला. पहिली चार वर्षे कामात गेली, त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

पाचव्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन या कमी झिजणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या आल्या; खुब्याचा गोळा जिच्यात फिरतो, ती ही वाटी. १० लाख आवर्तनांनंतर पहिली वाटी अल्ट्रासॉनिक टबात धुतली, व्हॅक्यूममध्ये वाळवली आणि काट्यावर ठेवून काचेचे दार लावले. आकडा स्थिरावला, तो सुरुवातीच्या वजनापेक्षा जास्त होता. झिजायला दिलेली वस्तू भरली होती! चाचणीत सांधा वासराच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, बुडवून चालवतात; त्यात पॉलिथिलीन द्रव शोषते, आणि झीज इतकी कमी असली की तो द्रव तिला झाकून टाकतो, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणूनच तोच भार सोसणारी, त्याच सीरममध्ये बुडालेली, पण न हलणारी एक वाटी सोबत ठेवायची असते; तिची वाढ चालत्या वाटीच्या घटीत मिळवली की खरी झीज निघते. या न हलणाऱ्या वाटीला सोक कंट्रोल म्हणतात. तिची यंत्रातली जागा आम्ही लोभाने सहाव्या नमुन्याला देऊन बसलो होतो.

आम्ही चूक कळवून चाचणी नव्याने करायची तयारी दाखवली. गिऱ्हाईक दुसऱ्या प्रयोगशाळेकडे गेले आणि तिथून ‘झीज नगण्य’ असा अहवाल घेऊन आले. त्यात कंट्रोलचा रकानाच नव्हता. आमची मात्र सात महिने यंत्रे झाकलेली राहिली आणि काट्याचे हप्ते थकले.

तेव्हा राजकोटचे आमचे जुने कारखानदार स्वतः वाट्या घेऊन आले. “साहेब, एक वाटी उभी ठेवा आणि तिचेही पैसे लावा,” एवढेच ते बोलले. त्यांनी एजिंगही, म्हणजे प्लास्टिक मुद्दाम लवकर जुने करणेही, आधी करून घेतले : ७० अंश सेल्सिअस, ५ वातावरण दाबाचा ऑक्सिजन, १४ दिवस. ताजे पॉलिथिलीन कुणाचेही चांगलेच दिसते. ऑक्सिडेशन झाल्यावर ते कसे झिजते, हे पाहायचे असते. अहवाल हाती आला की सरासरीआधी कंट्रोलचा रकाना शोधावा, असे आम्ही न विचारताही सांगतो.

त्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात आता तो रकाना असतो. मांडणी आमची आहे, आणि ‘आवर्तने’च्या जागी पडलेले ‘अवर्तने’सुद्धा आमच्याच जुन्या अहवालातले आहे.