पेशीपटलावरचे पुंजके खरे किती?

पेशीपटलाची जाडी जेमतेम 5 ते 10 नॅनोमीटर, तर साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शीत साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू एकच दिसतात. त्यामुळे पटलातील मेद आणि प्रथिने सर्वत्र विखुरलेली असतात की त्यांचे पुंजके होतात, हा 1997 मध्ये सिमन्स आणि इकोनेन या शास्त्रज्ञांच्या 'लिपिड राफ्ट' (म्हणजे पटलात तरंगणारे मेदांचे छोटे तराफे) या संकल्पनेनंतर रंगलेला वाद नुसत्या पाहण्याने मिटणारा नव्हता.

2006 मध्ये आलेल्या पाम आणि स्टॉर्म या अतिसूक्ष्म चित्रणाच्या पद्धतींत पटलातील रेणूंना चमकणारे रंगरेणू जोडतात, एका वेळी त्यांतले मोजकेच उजळवून प्रत्येकाचा मध्यबिंदू काढतात आणि हजारो फ्रेम एकत्र करून चित्र उभे करतात. हे चित्र मोहून टाकते आणि म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. विझलेला रंगरेणू थोड्या वेळाने पुन्हा उजळतो. दर वेळी त्याचे स्थान काही नॅनोमीटरने इकडेतिकडे मोजले जाते आणि एकट्या रेणूचा पडद्यावर दाट पुंजका होतो. भरीस भर म्हणजे फॉर्मल्डिहाइड या रसायनाने पेशी स्थिर केल्यावरही पटलातील अनेक रेणू सरकत राहतात, आणि रंग जोडण्यासाठी वापरलेले दोन हातांचे प्रथिन, म्हणजे अँटिबॉडी, त्यांना जवळ ओढते. असा पुंजका पेशीतला नसून स्लाइडवर घडलेला असतो. म्हणून कोणताही शोधनिबंध हाती आला की मी चित्रांआधी नमुना कसा तयार केला आणि पुन्हा उजळणाऱ्या रेणूंचा हिशेब कसा लावला, हे वाचते.

या दृष्टीने श्टेफान हेल यांच्या ग्योटिंगेन येथील गटाचे 2009 मधील काम मला फार मोलाचे वाटते. त्यांनी जिवंत पेशीवर स्टेड पद्धतीने (यात दुसऱ्या लेझरने ठिपक्याच्या कडेचे रंगरेणू विझवतात) प्रकाशाचा ठिपका शंभर नॅनोमीटरच्याही बराच खाली आकसवला आणि एकेक मेदरेणू तो ओलांडायला किती वेळ घेतो, हे मोजले. स्फिंगोमायलिन हा पटलातला एक मेद 20 नॅनोमीटरपेक्षा लहान जागेत सुमारे 10 ते 20 मिलिसेकंद अडकत होता, साधे फॉस्फोलिपिड (पटलातला दुसरा मेद) मात्र बिनअडथळा पुढे जात होते. आणि कोलेस्टेरॉल कमी केल्यावर ही अडवणूकही घटत होती. इथे पुरावा ठिपक्यांच्या दाटीचा नाही, तर रेणूंच्या चालीचा आहे.

त्याआधी 2004 मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतील सत्यजित मेयर यांच्या गटाने ठिपके न मोजताच, शेजारच्या रेणूंमध्ये ऊर्जा गेल्याने प्रकाशाचे ध्रुवण किती बदलते यावरून, जीपीआय-बद्ध (म्हणजे मेदाच्या नांगराने पटलाला जोडलेल्या) प्रथिनांचे जास्तीत जास्त चार रेणूंचे पुंजके दाखवले होते, आणि तेही कोलेस्टेरॉलवर अवलंबून होते.