सजनी साहेबाला 'तू' म्हणेल का?

सबटायटलांचं काम मी बारा वर्षं करतेय. एका 'यू'पायी अख्खा दिवस गेला तो 'बिफोर द रेन्स'च्या वेळी, आणि तो 'यू' अजून डोक्यातून जात नाही.

सिनेमा संतोष सिवनचा, 2007चा. एका फिल्म क्लबला मराठी सबटायटलं हवी होती. काळ 1937, जागा केरळचे डोंगर. मसाल्याच्या धंद्यासाठी हेन्री हा इंग्रज मळेवाला पावसाआधी रस्ता पुरा करायला बघतोय. घरकामाला येणाऱ्या सजनीशी, म्हणजे नंदिता दासशी, त्याचं जुळलंय. तिला नवरा आहे, त्याला बायको आहे. गावाला कळलं तर तिचं काय होईल, हे त्याला कळत नाही असं नाही. तो तिकडे बघत नाही. रस्त्याकडे बघतो.

त्याला इंग्रजीची साथ आहे. 'यू' म्हटलं की सगळे सारखे. मराठीत पहिल्याच पाटीला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या पहिल्याच सबटायटलला, ठरवावं लागतं. मुकादम टीके हेन्रीला 'तुम्ही' म्हणणार, हेन्री त्याला 'तू'. तिथे मला क्षणभरही थांबावं लागलं नाही, हे आता टोचतं.

सजनीपाशी मात्र हात अडला. घरात, कुणाच्या देखत, ती 'साहेब, तुम्ही' म्हणेल. रानात दोघंच असताना? तिथे मी 'तू' दिलं. पण शेवटी त्याचं आपल्यावर प्रेम आहे की नाही हे ती विचारते, तिथे परत 'तुम्ही' घातलं. तोवर तिला कळून चुकलेलं असतं की हा माणूस साहेबच आहे. पुढे त्याचं 'नाही', आणि मग पिस्तूल.

फाइल तपासणाऱ्याचा फोन आला. "ताई, सगळीकडे 'तू' करून टाकतो. वाचायला सुटसुटीत."

त्याचं गणित मला माहीत आहे. पाटीला दोनच ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, आणि सॉफ्टवेअर काना-मात्रा, पायमोडकी अक्षरंही सुटी मोजतं. 'तू' म्हणजे दोन, 'तुम्ही' म्हणजे सहा. पण माझी एकही पाटी मर्यादेबाहेर नव्हती. मी प्रत्येक 'तुम्ही'साठी दुसरीकडचं 'आता', 'मग', 'तर' काढून जागा केली होती. ही कसर पडद्यावर कुणाला दिसत नाही, आणि आमच्या धंद्यात जे दिसत नाही ते काम धरतच नाहीत.

खेळाला गेले. पहिल्या पाटीपासून 'तू'. चहा आणून देतानाही 'तू'. मळेवाला आणि मोलकरीण यांच्यात जणू कधी काही अंतर नव्हतंच. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बरीच धीट दिसते."

धीट! मला उठून सांगावंसं वाटलं, की ती असं बोलत नव्हती हो.

शेवटच्या प्रश्नात मात्र तिने 'तू'च म्हणावं, असं आता मलाही कधीकधी वाटतं. पण मग ते तिचं असावं. आधीच्या साऱ्या 'तुम्ही'नंतर, त्याच्या तोंडावर म्हटलेलं.