काऊल विणून झाला, पण वाळेना! – माझा अनुभव

जाड लोकरीचा, जाळीच्या विणीचा काऊल, म्हणजे गळ्यात अडकवायचा गोल मफलर, हा झटपट होणारा प्रकार. गुहागरात घामाच्या धारा लागलेल्या असताना हे कशाला, असं विचारू नका. भाची डेहराडूनला शिकते, तिच्यासाठी.

नमुना स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचा जुना, लाटांचा. ओहोटीला वाळूवर नागमोडी रेघा राहतात ना, तस्साच. ८ मिमीची गोल सुई, ७२ टाके (१८ च्या पटीत हवेत). दोन फेऱ्या सुलट, तिसरी जाळीची, चौथी उलट. जाळीच्या फेरीत तीनदा दोन टाके एकत्र, सहादा धागा पुढे घेऊन एक सुलट, पुन्हा तीनदा दोन एकत्र. टीव्ही बघताबघता होतं.

खरी कटकट पुढे. सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेलीच असते. ती भिजवून, ताणून वाळवली तरच भोकं उघडतात आणि लाटा दिसतात. कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवला, न पिळता टॉवेलात गुंडाळून वर उभी राहिले, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणला. आणि बाहेर आषाढ!

लोकर हवेतलं बाष्प स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढं पिते, आणि तरी हाताला कोरडी लागते. हातावर विश्वास ठेवू नका, गालाला लावून बघा. गार लागली की आत ओल आहे, टाचण्या काढायच्या नाहीत. रोज गालाला लावायचे, रोज गार. पंखा लावावा तर लाईट नाही. वीज कार्यालयाचा फोन एंगेज, लागलाच तर "झाड पडलंय, माणूस गेलाय." हा माणूस नेमका कुठे जातो, हे मला अजून कळलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "चुलीजवळ ठेव, तुझ्या नवऱ्याची दुपटी अशीच वाळवली." पण धुराचा वास लोकरीतून जाता जात नाही. इस्त्रीही नको, वीण चपटी होते.

टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. खाऱ्या हवेत साध्या टाचण्या गंजतात आणि डाग पडतो.

काऊल नळीसारखा, त्यामुळे खालच्या थराला वारा लागत नाही. शेवटी भोकांची प्लास्टिकची टोपली उपडी घालून तिच्यावर तो चढवला आणि इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्यांच्या पंख्याखाली नेऊन ठेवला. तिथे वाळला एकदाचा! लाटा काय सुरेख उघडल्या! शेजारीणबाई मात्र ओल्या मेंढराचा वास येतो म्हणून दोन खोल्या सोडून बसल्या होत्या.

घाई नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा, सावलीतही वाळेल. पावसाळ्यातच करायचा तर ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याची लोकर घ्या. दुकानात बाळाच्या स्वेटरची बारीक ॲक्रिलिक लोकर मिळते, तिचे तीन-चार पदर एकत्र धरून आधी छोटा तुकडा विणून बघा. ती भिजवायची गरज नाही. टाचून ठेवायची आणि इस्त्री न टेकवता वरून नुसती वाफ द्यायची. तेवढ्यापुरती लाईट असली म्हणजे झालं.