घोट्याजवळची पांढरी रेष

पोलिओ गेला म्हणजे कॅलिपरही (कमजोर पायाला आधार म्हणून बांधायचे साधन) गेले, असा ते बनवणाऱ्या आमच्या कार्यशाळेबाहेर सार्वत्रिक समज आहे. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि 2014 मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, हे खरे. परंतु आमच्या बाकावरची मुले कमी झालेली नाहीत. आज येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना सेरेब्रल पाल्सी असते, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसतो. त्यांतील काही मुले गुडघे वाकवून, अर्धवट बसल्यासारखी चालतात आणि दहा-बारा वर्षांची होईपर्यंत स्वतःच्या वजनानेच थकून जातात.

अशा मुलांसाठी आम्ही ‘फ्लोअर रिअ‍ॅक्शन’ प्रकारचा कॅलिपर बनवतो. त्यात घोटा पूर्ण बांधलेला असतो आणि गुडघ्याखाली नडगीवर पुढून एक कवच येते. मूल पाऊल टेकते तेव्हा नडगी पुढे घसरू शकत नाही, जमिनीकडून येणारा जोर गुडघ्याच्या पुढून जातो आणि गुडघा आपोआप मागे ढकलला जातो. ना लोखंडी दांड्या, ना गुडघ्याला कुलूप. डॉ. अब्दुल कलामांचे नाव ज्या हलक्या कॅलिपरशी जोडले जाते, तो याच जातीचा. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील एका अस्थिरोगतज्ज्ञांनी कलामांच्या प्रयोगशाळेत अग्नी क्षेपणास्त्रासाठी तयार केलेला हलका पदार्थ हातात घेऊन पाहिला आणि कलामांना आपल्या रुग्णालयात नेऊन 3 किलोंचे कॅलिपर ओढत चालणारी मुले दाखवली. काही आठवड्यांत 300 ग्रॅमचा कॅलिपर तयार झाला, असे कलाम पुढे अनेक भाषणांत सांगत. आमच्या कार्यशाळेत त्यांचे छायाचित्र आहे आणि त्याखाली खिळ्याला एक जुना लोखंडी कॅलिपर टांगलेला आहे. पाहुण्यांना तो उचलायला देऊन आश्चर्यचकित करणे हा माझा आवडता उद्योग होता.

ज्या मुलीविषयी हे लिहितो आहे, ती नऊ वर्षांची होती. तिचा साचा मी स्वतः घेतला. तिच्या पायावर प्लास्टर गुंडाळून निगेटिव्ह, म्हणजे पोकळ साचा, काढला, तो भरून पॉझिटिव्ह, म्हणजे पायाची भरीव प्रतिकृती, तयार केली आणि जिथे दाब हवा तिथे प्लास्टर खरवडले, जिथे हाड टोचेल तिथे चढवले. पुढचे काम मामांचे. मामा आमच्याकडील सर्वांत जुने कारागीर. चामड्याच्या आणि लोखंडी कामातून प्लास्टिककडे आलेले. पॉलिप्रॉपिलीनची पांढरट शीट भट्टीत काचेसारखी पारदर्शक झाली की ती पॉझिटिव्हवर अंथरून, शिवण दाबून, व्हॅक्यूम लावायला हातात काही क्षणच असतात. मामांच्या शीटला सुरकुती पडलेली मी पाहिलेली नाही. त्यानंतर कापणी आणि कडांची घासणी. कड आरशासारखी गुळगुळीत होईपर्यंत मामा बफ (पॉलिशचे फिरते चाक) सोडत नाहीत, कारण कडेवर राहिलेली बारीकशी खाचही पुढे तडा होते. हे वाक्य मी प्रशिक्षणार्थींना इतक्या वेळा ऐकवले आहे की ते लिहिताना आता मला संकोच वाटतो.

एप्रिलमध्ये वाटप शिबिर झाले. आमच्या व्यवस्थेत कॅलिपर तयार झाला म्हणून तो मुलाला मिळत नाही. पाहुण्यांची तारीख ठरावी लागते. पाच आठवडे तो कॅलिपर कपाटात होता आणि त्या काळात मुलीचा पाय थोडा वाढला होता. व्यासपीठावर पाहुणे बसलेले असताना तिने आतल्या घोट्याला टोचत असल्याचे सांगितले. मी हीट गनने कड मऊ केली, सुरीने पाव इंच तासली, पॉलिश पेपरचे दोन हात मारले आणि तिला वर पाठवले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात आलेल्या छायाचित्रात पाहुणे, ती मुलगी आणि मी होतो. मामा त्या वेळी मागे खुर्च्या उचलत होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला की चालताना घोट्याशी ‘कट्’ असा आवाज येतो. पट्टा घट्ट बांधा, असे मी सांगितले. दहा दिवसांनी त्या दोघी सहा तासांचा प्रवास करून आल्या तेव्हा कॅलिपर पिशवीत दोन तुकड्यांत होता.

येथे एक कबुली द्यायला हवी. आमच्याकडे येणारे अनेक पालक कॅलिपर पिशवीतून आणतात आणि दाराशी मुलाच्या पायात चढवतात. घरी तो माळ्यावर पडलेला असतो. अशा अनुभवांमुळे माझे मत आधीच तयार होते. मी मुलीला विचारले, “उड्या मारल्यास ना?” ती खाली पाहू लागली. तिच्या आईला मी जपून वापरण्याविषयी बरेच सुनावले आणि तेवढ्याने समाधान न होऊन सर्वांसमोर मामांकडे वळून म्हणालो, “कडा नीट बफ करत जा, हे किती वेळा सांगायचे?” मामा काही बोलले नाहीत. तुकडे घेऊन आत गेले.

संध्याकाळी ते दोन्ही तुकडे धुऊन, पुसून माझ्या टेबलावर ठेवलेले होते. शेजारी भिंग होते.

तडा आतल्या घोट्याजवळून सुरू झाला होता. प्लास्टिक ताणले गेले की तिथे पांढरी रेष उमटते. त्या रेषेचा उगम जिथे होता, तिथे सुरीची तिरकी खाच स्पष्ट दिसत होती. बाकीची सगळी कड मामांच्या हातची, गुळगुळीत होती. तळवा पुढच्या बाजूने झिजून पातळ झाला होता आणि वेल्क्रोमध्ये गणवेशाचे निळे धागे अडकले होते. मुलीने तो रोज, शाळेत, दिवसभर वापरला होता. वापरला म्हणूनच तो तुटला. माळ्यावर टाकला असता तर माझी खाच कोणालाही कळली नसती.

समोर कलामांचे छायाचित्र होते आणि त्या संध्याकाळी मला कॅलिपरऐवजी एसएलव्ही-3, हे भारताचे पहिले उपग्रह प्रक्षेपक यान, आठवले. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटाहून झालेले त्याचे पहिले उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणप्रणालीत बिघाड होऊन फसले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. कलाम प्रकल्पप्रमुख होते. उड्डाणापूर्वी संगणकाने मोजणी थांबवली होती आणि तज्ज्ञांशी बोलून पुढे जाण्याचा निर्णय आपण घेतला होता, हे ते स्वतःच सांगत. पत्रकार परिषदेत मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी अपयश स्वतःच्या नावावर घेतले आणि सहकाऱ्यांवर विश्वास दाखवला. 18 जुलै 1980 रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी कलामांना पाठवले. धवनांचा मोठेपणा सर्वजण सांगतात. मला अलीकडे कलामांचे अधिक नवल वाटते: राष्ट्रपती झाल्यानंतरही, जिथे टाळ्या मिळणार तिथे उभे राहून, ते मोजणी थांबल्याची आणि आपल्या निर्णयाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्या यशानंतर 1981 च्या उड्डाणात उपग्रह अपेक्षेपेक्षा खालच्या कक्षेत गेला आणि थोड्याच दिवसांत नष्ट झाला, हे फारसे कोणाला आठवत नाही. 1983 मध्ये इस्रोने पुन्हा यान सोडले. कलामांना ‘थांबा’ हा इशारा संगणकाने दिला होता. मला तर तो एका आईने फोन करून दिला होता.

छायाचित्रात पुढे उभा राहिलेला मी आणि चुकीच्या वेळी मामांना पुढे केलेला मी, हे एकाच माणसाचे तीन महिन्यांतले वर्तन आहे, हे मला त्या टेबलाशी प्रथमच दिसले.

त्या दोघी रात्री धर्मशाळेत थांबल्या होत्या. सकाळी मी आधी मामांकडे गेलो. वाक्य जुळवून गेलो होतो, ते अर्धे ऐकून मामा म्हणाले, “भट्टी तापलीय, शीट धरायला या.” आम्ही नवीन साचा घेतला, घोट्याजवळ शीटचा दुसरा थर दिला आणि एरवी आठवडा लागणारे काम दीड दिवसात केले. कड मी बफ केली. मामांनी तिच्यावरून अंगठा फिरवून ती दोनदा परत दिली.

कॅलिपर देताना मी तिच्या आईला सांगितले की चूक माझी होती, खाच माझ्या सुरीची होती. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मग साहेब, हे पोरीला सांगा. कालपासून ती मलाच विचारतेय, मी कधी उडी मारली म्हणून.”

मी खाली बसून मुलीला तुटलेला तुकडा आणि भिंगातून ती खाच दाखवली. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “परत आवाज आला तर कोणाला सांगू?” मी कार्डावर माझा क्रमांक लिहिला आणि त्याखाली मामांचा.

पंधरा दिवसांनी फोन आला. वेल्क्रोची शिवण उसवली होती, एवढेच. तो फोन मामांना आला होता.